रोग पसरू न देणारी जनुके आणि वाशिमचा रुग्ण

‘पसरला तं नाही ना?’ पोटाच्या कॅन्सरचे निदान कानावर पडले की वऱ्हाडातला माणूस डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारतो. रोग कशाने झाला, औषध कोणते, खर्च किती, हे सगळे त्यानंतर. रिसोडहून किंवा मानोऱ्याहून आलेल्या शेतकऱ्याचा हा प्रश्न रोगशास्त्राच्या दृष्टीने अगदी नेमका आहे. अन्ननलिका, जठर, मोठे आतडे, यकृत, स्वादुपिंड यांच्या कॅन्सरमध्ये बरेच मृत्यू होतात ते मूळ गाठीपासून सुटून दुसरीकडे रुजलेल्या पेशींमुळे. मूळ गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. यकृतात विखुरलेल्या वीस गाठी बहुधा काढता येत नाहीत.

त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. आज पसरलेला नसेल, तर उद्या पसरेल का? पहिल्याचे उत्तर सीटी स्कॅन देतो. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे रोगभाकीत, आणि गेली ३५हून अधिक वर्षे शास्त्रज्ञ ते जनुकांत शोधत आहेत. ज्या जनुकांकडून सर्वांत मोठी आशा होती त्यांना मेटास्टॅसिस सप्रेसर जनुके म्हणतात. आपण त्यांना प्रसाररोधक जनुके म्हणू. ती खरोखर काय करतात, त्यांच्यावरून रुग्णाचे भवितव्य सांगता येते का, आणि वाशिमसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला काय अर्थ उरतो, हे इथे तपासायचे आहे.

आधी व्याख्या नीट करू, कारण इथेच गोंधळ होतो. गाठ तयारच होऊ न देणारी जनुके वेगळी. पी५३ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. प्रसाररोधक जनुकाची कसोटी याहून काटेकोर आहे. जहाल कर्करोगपेशीत ते जनुक परत घातले आणि ती पेशी उंदरात टोचली, तर टोचलेल्या जागी गाठ पूर्वीइतकीच वाढली पाहिजे, पण फुप्फुसात किंवा यकृतात उठणाऱ्या गाठी मात्र लक्षणीय कमी झाल्या पाहिजेत. वाढ तशीच आणि प्रसार कमी, या दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या तरच जनुकाला हे नाव मिळते.

असे पहिले जनुक १९८८ मध्ये सापडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत पॅट्रिशिया स्टीग आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या त्वचेच्या मेलॅनोमाच्या पेशींचे वाण शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एकाच गाठीतून निघालेले, पण काही खूप पसरणारे आणि काही फारसे न पसरणारे. जे पसरत नव्हते त्यांच्यात एक जनुक जोमाने काम करत होते, जे पसरत होते त्यांच्यात ते मंदावलेले होते. त्याचे नाव एनएम२३. पुढे १९९५ मध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरवर काम करताना केएआय-१ सापडले. हे नाव ‘कांग आय’ या चिनी शब्दांवरून आले, अर्थ कर्करोगविरोधी. १९९६ मध्ये किस-१ सापडले ते पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात. त्या गावच्या प्रसिद्ध चॉकलेटवरून त्याला नाव मिळाले. नंतर कळले की याच जनुकाचे प्रथिन मुलामुलींना वयात आणणाऱ्या संप्रेरकांची साखळी सुरू करते. निसर्ग एकाच जनुकाला कुठे कुठे जुंपतो, हे पाहून मी आजही थक्क होतो.

ही जनुके नेमकी कुठे आडवी येतात हे समजायला आधी प्रसाराची वाट पाहिली पाहिजे, आणि ती समजावायला वाशिमच्या वाचकाजवळ दाखला तयार आहे. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि विचारले, दुय्यम गाठी काही ठरावीक अवयवांतच का उठतात? त्याचे उत्तर होते, बी सगळीकडे पडते, पण उगवते ते मानवणाऱ्या जमिनीतच. मृगात पेरलेले सोयाबीन पावसाने दडी मारली की उगवत नाही आणि दुबार पेरणीची वेळ येते, हे ज्याने भोगले आहे त्याला पॅजेट वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

कर्करोगपेशीच्या वाटेवर अडचणीच अडचणी असतात. आधी शेजारणींपासून सुटायचे, मग आतड्याच्या भिंतीतून वाट काढायची, रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत शिरायचे, प्रवाहाचा मार आणि रोगप्रतिकारक पेशींचा पहारा सोसायचा, परक्या अवयवात थांबायचे, बाहेर पडायचे आणि तिथे संसार मांडायचा. आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये किरणोत्सारी खूण लावलेल्या मेलॅनोमा पेशी उंदराच्या शिरेत सोडल्या. २४ तासांनी जिवंत राहिलेल्या पेशी ०.१ टक्क्याहूनही कमी होत्या. म्हणजे पेशी रक्तात उतरणे सोपे, रुजणे फार अवघड. नंतरच्या काळात जिवंत प्राण्याच्या यकृतात सूक्ष्मदर्शकाने थेट पाहिले गेले, तेव्हा दिसले की अनेक पेशी नव्या अवयवात सुखरूप पोचतात आणि तिथे नुसत्या पडून राहतात. अडते ते उगवणीला. किस-१, एमकेके-४ यांसारखी बरीच प्रसाररोधक जनुके नेमकी या शेवटच्या टप्प्यावर काम करतात. पेशी निघते, पोचते, पण उगवत नाही.

इथे एका समजुतीबद्दल बोलले पाहिजे, कारण तिच्यापायी माणसे जीव गमावतात. ‘गाठीला सुई लावली की रोग पसरते’ असे गावोगाव ऐकायला मिळते. बायोप्सी टाळून सहा महिने झाडपाला घेतलेला रुग्ण येतो तेव्हा रोग पसरलेला असतो आणि दोष सुईला जातो. वर सांगितलेली वाट लक्षात घेतली तर ही समजूत टिकत नाही. चार पेशी हलल्या म्हणून प्रसार होत नसतो, त्या पेशींत रुजण्याची ताकद असावी लागते, आणि ती ताकद सुई देत नाही. यकृताच्या काही गाठींत सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचा थोडा धोका असतो खरा. तिथे डॉक्टर शक्यतो सुई न लावता विशिष्ट पद्धतीच्या स्कॅनवरून निदान करतात.

पोटाच्या कॅन्सरना शरीररचनेची एक वाटही आयती मिळते. जठर, आतडी, स्वादुपिंड यांचे रक्त थेट हृदयाकडे जात नाही, ते पोर्टल शिरेतून आधी यकृतात जाते. म्हणून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची पहिली दुय्यम गाठ बहुधा यकृतात सापडते. गुदाशयाच्या खालच्या भागाचे रक्त मात्र दुसऱ्या वाटेने जाते, आणि तिथला रोग यकृत वगळून फुप्फुसात दिसू शकतो. जठराचा रोग कधी डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या वर गाठ उठवतो. ती नुसत्या बोटांनी चाचपता येते. जर्मन रोगशास्त्रज्ञ फिर्चो यांनी ती १८४८ मध्येच नोंदवली होती. आजही तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला, कोणतेही यंत्र नसताना, प्रसाराची ही खूण हाताला लागू शकते.

आता मुख्य मुद्दा. ही जनुके बंद आहेत की चालू, यावरून पोटाच्या कॅन्सरच्या रुग्णाचे पुढचे सांगता येते का? अवयवागणिक पुरावा वेगळा आहे, आणि तो सरळ रेषेत जात नाही.

मोठ्या आतड्यापासून सुरुवात करू, कारण तिथे अभ्यास भरपूर झाला. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध आला. ज्यांच्या गाठीत एनएम२३ची एक प्रत गळालेली होती त्यांच्यात दूरवर प्रसार जास्त आढळला. आशा उंचावल्या. पुढच्या दहा वर्षांत वेगवेगळ्या देशांतून निकाल येत गेले आणि चित्र फाटत गेले. कुठे प्रथिन कमी असलेल्या रुग्णांचे वाईट झाले, कुठे काहीच संबंध दिसला नाही, कुठे उलट प्रथिन वाढलेल्या गाठीच जास्त जहाल निघाल्या. लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमात तर एनएम२३ वाढलेले असणे हेच वाईट लक्षण ठरले. म्हणजे एका ऊतीत राखण करणारे जनुक दुसऱ्या ऊतीत भलतेच काही करत होते. मोठ्या आतड्यात त्यातल्या त्यात सातत्य दाखवले ते आरकेआयपी या प्रथिनाने. पेशीला ‘वाढ, पसर’ असा निरोप पोचवणारी जी रासायनिक साखळी आहे तिच्या सुरुवातीलाच हे प्रथिन खीळ घालते. ते नाहीसे झालेल्या गाठींत दूरचा प्रसार आणि कमी आयुष्य, हा संबंध निरनिराळ्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवला.

जठरात चित्र आणखी गुंतागुंतीचे. किस-१ कमी असलेल्या जठराच्या गाठींचे भाकीत वाईट, असे जपानी अभ्यासांत दिसले. पण तिथली खरी कथा ई-कॅडेरिनची. शेजारच्या पेशींना एकमेकींना धरून ठेवणारे हे प्रथिन. काटेकोर व्याख्येने ते आक्रमणरोधक म्हणायला हवे, पण प्रसाराची पहिली पायरीच ते राखते, म्हणून इथे घेतो. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसे जठराच्या कॅन्सरने जात होती. १९९८ मध्ये त्या कुटुंबात याच्या जनुकातला जन्मजात दोष सापडला. आज असा दोष असलेल्या व्यक्तीला रोग होण्याआधीच जठर काढण्याचा सल्ला दिला जातो. एका जनुकाच्या अभ्यासाने माणसे थेट वाचली, असे या सगळ्या विषयातले हे सर्वांत ठाम उदाहरण.

स्वादुपिंडात १९९६ मध्ये एक लक्षणीय गोष्ट आढळली. सुरुवातीच्या गाठींत केएआय-१ वाढलेले होते आणि प्रसार झालेल्या गाठींत घटलेले. जणू शरीर आधी बांध घालते आणि पुढे तो फुटतो. याच अवयवाबद्दल २००९ चा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७६ रुग्णांचे मृत्यूनंतर लगेच शवविच्छेदन करण्यात आले. सुमारे ३० टक्के रुग्णांचा जीव जागच्या जागी पोखरणाऱ्या गाठीने घेतला होता, ७० टक्क्यांत रोग दूरवर विखुरला होता. आणि स्मॅड-४ हे जनुक शाबूत की नष्ट, याचा या दोन प्रकारच्या मृत्यूंशी स्पष्ट मेळ बसला. स्मॅड-४ प्रसाररोधकांच्या मूळ यादीतले नाही. तरी प्रसाराचे भाकीत म्हणजे काय असू शकते याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा माहीत नाही.

अन्ननलिकेत केएआय-१ आणि किस-१ घटल्यावर लसिकाग्रंथींत प्रसार वाढतो असे दिसले. यकृतात मात्र एनएम२३ अपेक्षेप्रमाणे वागते आणि किस-१ उलटे वागते. यकृताच्या मूळ कॅन्सरमध्ये ते वाढलेले असणे वाईट ठरले.

एवढा पुरावा असून आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयात पोटाच्या कॅन्सरचा उपचार ठरवताना एनएम२३, केएआय-१ किंवा किस-१ नेहमीची तपासणी म्हणून केली जात नाही. तपासतात ते मोठ्या आतड्यात डीएनए-दुरुस्तीची प्रथिने, केरास आणि बीराफ ही जनुके, आणि जठरात हर-२. प्रसाररोधक मागे का पडले? मला यात तीन अडथळे दिसतात, आणि तिसरा आपल्या जिल्ह्याशी थेट जोडलेला आहे.

पहिला अडथळा जनुकांच्या स्वभावाचा. ही जनुके सहसा तुटत नाहीत, गप्प होतात. त्यांच्या डीएनएत बहुधा बिघाड नसतो. त्यांच्या दारावर रासायनिक कुलूप बसते किंवा त्यांना जागे करणारी प्रथिने बदलतात. त्यामुळे केरासप्रमाणे अक्षरे वाचून होय किंवा नाही असे उत्तर मिळत नाही. किती प्रथिन उरले आहे ते मोजावे लागते, आणि कमी-जास्तची रेषा कुठे ओढायची यावर निकाल बदलतो. शिवाय आपण मोजतो ती मागे राहिलेल्या गाठीची सरासरी. प्रसार करणाऱ्या पेशी थोड्या होत्या, आणि त्या केव्हाच निघून गेल्या. चार घरचे लोक गाव सोडून गेले, ते का गेले हे उरलेल्या गावाच्या जनगणनेवरून सांगण्यासारखे हे आहे. काही वेळा सांगता येते, पण खात्रीने नाही.

दुसरा अडथळा गणिताचा. तो आकड्यांनीच दाखवतो. हे आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या दुसऱ्या टप्प्यातले, म्हणजे लसिकाग्रंथी निरोगी असलेले, १०० रुग्ण आहेत, शस्त्रक्रिया झाली आहे, आणि त्यांतल्या २५ जणांचा रोग परतणार आहे. भाकितासाठी मोजायच्या खुणेचे, म्हणजे मार्करचे, प्रथिन या २५ पैकी १५ जणांत कमी आहे, आणि रोग न परतणाऱ्या ७५ पैकी ३० जणांतही कमी आहे. आता ‘प्रथिन कमी’ गटात ४५ जण झाले आणि त्यांतल्या १५ जणांचा, म्हणजे ३३ टक्क्यांचा रोग परतेल. दुसऱ्या गटात ५५ पैकी १०, म्हणजे १८ टक्के. संशोधकाला हा फरक मोठा वाटेल. पण समोर बसलेल्या रुग्णाचे काय? या मार्करवर विसंबून केमोथेरपी दिली तर ४५ पैकी ३० जणांना ती विनाकारण मिळेल, आणि ज्यांचा रोग परतणार होता त्या २५ पैकी १० जणांना ‘तुम्ही सुरक्षित आहात’ असे सांगून घरी पाठवले जाईल. गटाबद्दल खरे असलेले विधान एका माणसासाठी पुरेसे नसते. त्यात लहान लहान अभ्यास, आणि अनुकूल निकालच छापायचा कल. हे इतके वाढले की २००५ मध्ये अशा मार्करच्या अभ्यासांचे निकाल कसे मांडावेत यासाठी रिमार्क नावाची आंतरराष्ट्रीय नियमावली करावी लागली.

दरम्यान दुसरी एक तपासणी पुढे निघून गेली. गाठीतून रक्तात झिरपणारा डीएनए शोधायचा. शस्त्रक्रियेनंतर तो रक्तात सापडला तर कुठेतरी रोग शिल्लक आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातले ४५५ रुग्ण होते. रक्तातल्या डीएनएवरून उपचार ठरवलेल्या गटात केमोथेरपी १५ टक्क्यांनाच द्यावी लागली, नेहमीच्या पद्धतीत २८ टक्क्यांना. रोग परतण्याचे प्रमाण मात्र वाढले नाही. प्रसाररोधक जनुक विचारते, ही गाठ कोणत्या स्वभावाची आहे? रक्ताची ही तपासणी विचारते, पेशी आज शरीरात आहेत का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उपचारासाठी जास्त उपयोगी पडले, हे मान्य केले पाहिजे.

तिसरा अडथळा नमुन्याचा, आणि तो मी रोज पाहतो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्या टेबलावर आतड्याचा तुकडा येतो तो प्लास्टिकच्या बरणीत. कधी बरणी नमुन्यापेक्षा जेमतेम मोठी, फॉर्मेलिन तळाशी दोन बोटे, वरचा अर्धा भाग कोरडा, आतडे न उघडता तसेच कोंबलेले. फॉर्मेलिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरते. द्रव नमुन्याच्या किमान दहापट हवा, आणि आतडे कापून उघडलेले हवे, नाहीतर आतला भाग कुजू लागतो. शस्त्रक्रिया शनिवारी संध्याकाळी, बरणी सोमवारी एसटीने निघणार, बाहेर मे महिन्याचे ४४ अंश. अशा नमुन्यावर मी आरकेआयपीची किंवा किस-१ची प्रतिपिंड तपासणी केली तर रंग चढणार नाही. प्रथिन कुजून गेलेले असते. अहवालात मात्र ते ‘प्रथिन नष्ट’ असेच दिसेल. जनुक गप्प झाल्यामुळे आलेला रिकामेपणा आणि बरणीत सडल्यामुळे आलेला रिकामेपणा सूक्ष्मदर्शकाखाली सारखाच दिसतो. जगभरच्या परस्परविरोधी निकालांमागे नमुना राखण्यातला फरक हे एक मोठे कारण असावे, असे माझे ठाम मत आहे.

नमुना नीट आला की काय हाती लागते तेही सांगतो. आतड्याच्या कडेची चरबी मी बोटांत धरून चिरत जातो, दर दोन-तीन मिलिमीटरला एक काप. लसिकाग्रंथी डोळ्यांना सहज दिसत नाहीत. बोटाला लागतात. कधी तुरीच्या दाण्याएवढी, कधी ज्वारीच्या, कधी मोहरीहून बारीक. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये अशा किमान १२ ग्रंथी सापडल्या पाहिजेत असा जगभर मान्य नियम आहे. सहाच सापडल्या आणि सहाही निरोगी निघाल्या, तरी ‘पसरलेला नाही’ असे म्हणण्याला आधार अपुरा राहतो. ही मेहनत एका माणसाच्या अर्ध्या-पाऊण तासाची. तिला परदेशी रसायन लागत नाही, आणि आजच्या घडीला कोणत्याही प्रसाररोधक जनुकापेक्षा ती भाकितासाठी मोलाची आहे.

आता वाशिम. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, २०११च्या जनगणनेत सुमारे १२ लाख वस्तीचा हा जिल्हा. कॅन्सरचा रुग्ण इथून अकोल्याला, नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात किंवा परळच्या टाटा रुग्णालयात जातो. समृद्धी महामार्गाने कारंजा आणि मालेगाव तालुक्यांना नागपूर जवळ आणले. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटनही झाले. पण रस्ता जवळ आला म्हणून रोग लवकर सापडतो असे होत नाही. शासनाच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी आहे. पोटाच्या आतल्या कॅन्सरची नाही. खर्ऱ्याने जबडा आखडलेला माणूस निदान त्या तपासणीत कुणाच्या तरी नजरेस पडू शकतो. शौचातून रक्त जाणारा मूळव्याधीचे मलम लावत बसतो, आणि फिकट पडलेला पन्नाशीचा पुरुष लोहाच्या गोळ्या खात राहतो.

माझे सगळे विवेचन याच ठिकाणी येऊन थांबते. भाकीत सांगणाऱ्या मार्करचा खरा उपयोग असतो दुसऱ्या टप्प्यात, जिथे ग्रंथी निरोगी आहेत आणि पुढे काय होईल हे खरोखर अनिश्चित आहे. चौथ्या टप्प्यात यकृत गाठींनी भरलेले असताना प्रसाररोधक जनुक गप्प झाले होते की नाही, हे रुग्णाला कळून काय उपयोग? उशिरा येणाऱ्या रुग्णांच्या जिल्ह्यात जगातला सर्वांत अचूक मार्करही निकामी ठरतो. आधी रुग्ण लवकर आला पाहिजे, मग जनुकाचा प्रश्न उभा राहतो.

हे घडू शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी रुग्णांची वाट पाहत बसले नाहीत. ते गावोगाव फिरले, लोकांना लक्षणे सांगितली, संशयितांना तपासणीला आणले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कॅन्सर पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, असे त्यांच्याच नोंदींनी दाखवले. त्यासाठी नवे औषध आले नव्हते, नवे जनुक सापडले नव्हते.

म्हणून प्रसाररोधक जनुकांवरचे संशोधन सोडून द्यावे असे मी म्हणणार नाही. गप्प झालेले जनुक, तुटलेले नसल्यामुळे, पुन्हा बोलते करता येईल, ही कल्पना फार मोठी आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये संप्रेरकासारख्या औषधाने एनएम२३ जागे करण्याचे प्रयोग झालेही. आणि हे काम आपल्याला परके नाही. व्ही. आर. खानोलकर यांनी मुंबईत देशाच्या पॅथॉलॉजीचा पाया घातला. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे पेशीसंवर्धन शिकून मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. त्यांच्या परंपरेतली संस्था आज खारघरला काम करते आहे. तिथल्या संशोधकाला हवे असते ते चांगले राखलेले ऊतीचे नमुने आणि त्या प्रत्येक रुग्णाचे पाच वर्षांनी काय झाले याची खरी नोंद. विदर्भातल्या रुग्णांत कोणते जनुक काय सांगते, हे जपानच्या किंवा जर्मनीच्या रुग्णांवरून ठरवता येणार नाही. ते आपल्याच रुग्णांच्या नमुन्यांवरून ठरेल, आणि त्यासाठी वाशिमच्या वैद्यकीय महाविद्यालयाने पहिल्या काही वर्षांतच दोन गोष्टी कराव्यात: जिल्ह्यातल्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात पुरेशा फॉर्मेलिनच्या मोठ्या बरण्या पोचवाव्यात, आणि बार्शीच्या धर्तीवर जिल्ह्याची कर्करोग नोंदणी सुरू करावी.

आणि ज्यांच्या घरात हा रोग आला आहे त्यांना एक विनंती. शस्त्रक्रियेनंतर मिळालेल्या बायोप्सी अहवालात किती ग्रंथी सापडल्या आणि किती बाधित निघाल्या हे दोन आकडे असतात, ते डॉक्टरांना विचारा. गाठीचा मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड कुठे ठेवल्या आहेत हे लिहून घ्या. नागपूरला किंवा मुंबईला जाताना त्या मागून सोबत न्या, फाइल हरवू देऊ नका. भरती असतानाच्या वैद्यकीय नोंदींची प्रत मागितल्यापासून ७२ तासांच्या आत मिळाली पाहिजे, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे.